तिसऱ्या हाकेला ओ

लेकीच्या वाढदिवसाला आगाथा हेर्गर दोन पाव भाजायची. एक लेकीसाठी आणि एक डोंगरासाठी.

वेणीसारखे गुंफलेले, वरून अंड्याचा हात फिरवून तांबूस भाजलेले पाव ओबरमाट गावात दर रविवारी घरोघर होतात, त्याचं कोणाला कौतुक नाही. पण डोंगराला पाव घालणारी बाई अख्ख्या खोऱ्यात एकच. लुत्सिया लहानपणी विचारायची, "डोंगराला दात असतात का गं?" आणि आगाथा म्हणायची, "असतात. म्हणून तर द्यायचा." मग तिचा नवरा बाल्झ तो दुसरा पाव फडक्यात गुंडाळून काखेत मारायचा, घरासमोरच्या स्टेशनात जायचा आणि पाळण्यात बसून वर निघून जायचा. वर्षात एकच दिवस लेकीचा, आणि नेमका त्याच दिवशी बाप जेवायला घरी नसायचा.

पाळणा म्हणजे तारेवरून लोंबकळत जाणारा लाल पत्र्याचा डबा. चाळीस माणसं घेऊन तो दहा मिनिटांत खोऱ्यातून थेट वर, ग्रात नावाच्या बर्फाळ धारेवर जायचा. बाल्झने त्यात चालक म्हणून एकतीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावरही लेकीच्या वाढदिवसाला त्याची वरची फेरी काही चुकली नाही.

यंदा बाल्झ नव्हता. ऑक्टोबरात अंथरुणातच गेला. आणि योग असा, की एप्रिलच्या ज्या रविवारी लुत्सिया चाळीस वर्षांची होत होती, त्याच दिवशी जुना पाळणाही शेवटचा धावणार होता. शेजारी नवा तयार होता. सगळा काचेचा आणि चालकाशिवाय चालणारा. तो उन्हाळ्यात सुरू व्हायचा होता.

"आई, तुझे गुडघे दुखतात. मी एकटी जाऊन ठेवून येते तुझा पाव," लुत्सिया म्हणाली. ती शहरातून सकाळच्याच गाडीने आली होती.

"वर मी गुडघ्यांनी चढणार आहे का? पाळणा आहे ना," आगाथाने डोक्याला लोकरी रुमाल बांधला. "आणि आज तू बरोबर हवीस."

लुत्सियाने आईकडे पाहिलं. आईचा आवाज नेहमीचा नव्हता. पण विचारून काही हाती लागणाऱ्यांपैकी आगाथा नव्हे, हे तिला चाळीस वर्षांत कळलं होतं.

दुपारी स्टेशनावर गावच्या बँडने चार गाणी वाजवली, सरपंचांनी लांबण लावलं, तोवर आभाळ भरून आलं. बाराच्या फेरीला गर्दी होती. दारात तोनी उभा होता. बाल्झच्या हाताखाली शिकलेला हा गडी आता स्वतःच पन्नाशीला टेकला होता.

"या, आगाथाकाकू. उस्ताद असते तर आज मला शिव्या बसल्या असत्या. दाराचं पितळ घासायचं राहिलं."

"त्यांच्या वाटच्या मी घालू का?"

"नको, तुमच्या जास्त लागतात," तोनी हसला आणि त्याने दार ओढून घेतलं.

पाळणा हलला. खाली चर्चचा कळस लहान होत गेला, मग देवदारांची रांग, मग नुसता बर्फ. मधल्या खांबावरून जाताना डबा पोटात गोळा आणणारा हेलकावा घेतो, तेव्हा पाहुणे ओरडतात आणि गावची माणसं खिडकीबाहेर बघत राहतात. आगाथा मात्र पुढच्या, वरच्या खांबाकडे बघून काहीतरी पुटपुटली. लुत्सियाला ते ऐकू आलं नाही.

वरच्या खाणावळीत गर्दी विरळ झाली तेव्हा दोघी खिडकीशी बसल्या. बाहेर बर्फ पडायला लागला होता. आगाथाने जवाच्या वाफाळत्या सूपमध्ये एकदा चमचा फिरवला. मग म्हणाली, "तू पायाळू होतीस, हे तुला माहीत आहे."

"शंभरदा ऐकलंय."

"आता उरलेलं ऐक."

ते उरलेलं असं होतं. चाळीस वर्षांपूर्वी याच दिवशी असंच वादळ येत होतं. खाली आगाथा सकाळपासून अडली होती आणि सुईण होती वर, धारेपलीकडच्या वाडीत दुसरंच एक बाळंतपण उरकत. ती संध्याकाळच्या शेवटच्या पाळण्याला येऊन पोचली. शेवटच्या पाळण्याची एक रीत होती. दार लावण्याआधी चालकाने फलाटाच्या टोकाला जायचं आणि डोंगराकडे तोंड करून हाक मारायची, "अजून कोणी?" अशी तीन वेळा. दर हाकेनंतर प्रभूची प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ थांबायचं. खोऱ्यातल्या पोरासोरांनाही पाठ होतं, की पहिली हाक सूप संपवायला, दुसरी बूट बांधायला आणि तिसरी पळायला. तिसरी ऐकू येईपर्यंत कोणी घाई करत नसे.

"बाबांनी दोन हाका मारल्या," आगाथा म्हणाली. "तेवढ्यात खालून फोन आला. आता सुईण आणा, नाहीतर दोघंही जातील, म्हणून. त्यांनी दार लावलं आणि पाळणा सोडला."

लुत्सियाने चमचा खाली ठेवला.

"वरच्या खांबावर किलियान होता. तारांना वंगण लावायचा तो. चेष्टेखोर, एवढासा माणूस, साठ किलोही नसेल. तोंडात कायम बडीशेपेची गोळी. दोन हाका त्याने ऐकल्या असणार. हत्यारं बांधत असेल सावकाश… तिसरी यायची आहे म्हणून."

"बाबांना माहीत नव्हतं तो तिथे आहे ते?"

"माहीत होतं. विसरले. त्या वेळी त्यांच्या डोक्यात आपण दोघीच होतो."

पाळणा खाली टेकला आणि सुईण धावत घरात शिरली, तोच वरून घंटा वाजली. तीन टोले. वरच्या फलाटावर घंटेचं बटण असायचं. तीन टोले म्हणजे वर माणूस आहे, पाळणा पाठवा. बाल्झ यंत्राकडे वळला आणि वीज गेली. तीन दिवस वादळ थांबलं नाही. चौथ्या दिवशी वर गेलेल्यांना किलियानची हत्यारांची पिशवी फलाटावर सापडली, नीट बांधलेली. किलियान मात्र सापडला नाही, आजतागायत.

"चौकशीत बाबांनी सांगितलं, तीन हाका मारल्या म्हणून. सुईण गप्प राहिली. मीही." आगाथाने पिशवीतला पाव चाचपला. "दोनच दिवस आधी किलियान आपल्या खिडकीशी आला होता. म्हणाला, मूल झालं की मला वेणीचा पाव. अख्खा. तुकड्यावर बोळवण नको."

बाहेर कोणीतरी हसत हसत बर्फातून गेलं. लुत्सिया खिडकीकडे बघत होती, पण काचेवर आता काही दिसत नव्हतं.

"आणि मी बाबांवर रुसायची," ती हळूच म्हणाली. "केक कापायला घरी नसतात म्हणून. अठराव्या वाढदिवसाला तर मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही."

"ते इथे येऊन पाव ठेवायचे आणि तिसरी हाक मारायचे. किलियानने कधी ओ दिली नाही. मरायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, माझ्या हाकेला तो येत नाही, आता मीच वर जाऊन शोधतो." आगाथाने डोळे पुसले. "नव्या पाळण्यात हाक मारायला माणूसच नसणार. उद्यापासून इथे कोणी कोणाला विचारणार नाही. आज एकदा मला त्याला बोलवायचंय, लुत्सिया. आणि तुझा जीव वाचला त्याबद्दल त्याचे आभार मानायचेत. ते कोणीच मानले नाहीत."

साडेचारच्या पाळण्याने खाणावळवाल्यांसकट सगळे खाली गेले. पाचचा शेवटचा पाळणा वर आला तेव्हा धुकं फलाटाच्या कठड्याला टेकलं होतं. तोनीने खाणावळीला, प्रतीक्षागृहाला, मागच्या दाराला कुलपं लावली आणि प्रत्येक कुलूप ओढून पाहिलं. मग तिघं पाळण्यात चढली. दारावर वजनाचा गोल काटा होता. तोनीने सवयीने वर पाहिलं.

"तिघांचे दोनशे दहा. काकू, पाव यंदा हलका झालाय."

"तू जड झालायस म्हणून तसं वाटतंय."

तोनी हसत पुन्हा उतरला. "हाक मारून येतो. कोणी नाही, पण शेवटची आहे."

"थांब," आगाथा त्याच्यामागून उतरली, लुत्सियाही. "दोन तू मार. तिसरी माझी."

तोनीने तिच्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. कदाचित उस्तादाच्या हाताखाली वीस वर्षं काढणाऱ्याला काही गोष्टी न सांगताच कळत असतील.

तो फलाटाच्या टोकाला गेला. "अजून कोणी?" धुक्याने हाक गिळून टाकली. प्रार्थना संपेपर्यंत तिघं उभी राहिली. तारेवरून थेंब पडत होते. "अजून कोणी?" वारा थांबला होता. इतकं गप्प झालं की आगाथाला आपल्याच रुमालाच्या लोकरीची कानाशी होणारी कुजबुज ऐकू यायला लागली.

तिने तोंड उघडलं. आवाज फुटेना. चाळीस वर्षं मनात घोकलेले दोन शब्द, आणि ते ओठांवर येईनात.

लुत्सियाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यामुळे राहिली ना ती? मग मीच मारते." ती कठड्याशी गेली. चांगली चाळीस वर्षांची बाई, पण उभी राहिली लहानपणी राहायची तशी, चवड्यांवर.

"अजून कोणी…?"

प्रार्थना निम्मी झाली असेल. धुक्यातून, उजवीकडून, जिथे वरचा खांब आहे तिथून, ओ आली.

मोठी नव्हती. दुरून हात हलवून 'आलो, आलो' म्हणणाऱ्या माणसाची असते तशी. मग बर्फात पावलं वाजली. खिळ्यांच्या बुटांची, सावकाश, अजिबात घाई नसलेली पावलं… फलाटाच्या लाकडावर चढली, त्यांच्या शेजारून गेली आणि पाळण्यात शिरून थांबली. तोनीने छातीवर क्रूस केला. कोणीच दिसलं नव्हतं.

"चला आत," आगाथा कुजबुजली. "त्याला ताटकळत ठेवू नका."

आत वंगणाचा वास होता. जुन्या, जळकट वंगणाचा, आणि त्यात मिसळलेला ओल्या लोकरीचा आणि बडीशेपेचा. तोनीने दार लावलं, कळ फिरवली आणि वर पाहिलं. काटा तीनशे पन्नासवर होता.

"गोठलाय…" तो पुटपुटला. "थंडीने गोठतो कधीकधी."

आगाथाने मनात हिशेब केला. किलियानचे साठ. मग उरलेले ऐंशी कोणाचे? आणि तिला आजारपणाच्या आधीचा बाल्झ आठवला, दर नाताळात काट्यावर उभा राहून 'ऐंशी, एक तोळा इकडे ना तिकडे' म्हणून मिरवणारा. तिने बाकाचा कठडा घट्ट धरला. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्या भीतीखाली काहीतरी ऊब होती. सापडला तर किलियान याला.

तिने पाव फडक्यासकट समोरच्या रिकाम्या बाकावर ठेवला.

"किलियान," ती म्हणाली, "अख्खा आहे. चाळीस वर्षं उशीर झाला. ही माझी लेक लुत्सिया. तुझ्या वाटची हाक हिला मिळाली. शिकली, दोन मुलांची आई झाली, आता शाळेत शिकवते. माझ्या म्हातारपणाची काठी झाली. हे सगळं तुझ्यामुळे. देव तुझं भलं करो."

मधल्या खांबावर पाळण्याने हेलकावा घेतला आणि समोरच्या बाकाची लाकडं, माणूस सावरून बसावा तशी, करकरली. लुत्सिया आईला चिकटून बसली होती. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आभारी आहे… फार आभारी आहे." आणि ती रडायला लागली.

धुक्यातून बाहेर पडल्यावर चर्चचा कळस दिसला. पाळणा खालच्या फलाटाला लागला. दार उघडून तिघं उतरली. डब्यात आता कोणी नव्हतं, आणि काटा एकशे चाळीसवर होता.

"उतर, किलियान," आगाथा दारातून म्हणाली. "आलं ओबरमाट."

काटा हलला. एकशे चाळीसवरून ऐंशीवर आला आणि थांबला. आगाथाच्या गालाला थंड हवेचा झोत लागला, बडीशेपेचा वास आला आणि गावाच्या दिशेने विरून गेला.

बाकावर फडकं उघडलेलं होतं. पावाचे दोन भाग केले होते. एक भाग नव्हता. दुसरा भाग बाकाच्या दाराकडच्या टोकाला ठेवलेला होता, जिथे चालक बसतो तिथे. अख्ख्या पावाचा हट्ट धरणाऱ्याने निम्मा बाल्झला दिला होता.

आगाथा तिथेच फलाटावर बसली आणि पदराचं टोक शोधावं तसा रुमाल शोधून मनसोक्त रडली. नवरा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. चाळीस वर्षं त्या घरात एक दगड होता, जेवणाच्या टेबलाखाली, पलंगाखाली. तो आज उचलला गेला.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "चल, बाल्झ. झालं ना आता? उतर तूही. घरी चल."

काटा ऐंशीवरच होता.

"बाबा…" लुत्सिया म्हणाली.

काटा हलला नाही. तोनीने टोपी काढून हातात घेतली. "काकू, चालक शेवटी उतरतो. सगळे खाली आल्याशिवाय… उस्तादांनीच शिकवलंय मला."

"सगळे आले की."

तेवढ्यात घंटा वाजली.

एक. दोन. तीन.

तिघंही यंत्राच्या खोलीच्या भिंतीवरच्या त्या पितळी घंटेकडे बघत राहिली. तिचा लोलक अजून थरथरत होता.

"वर कोणी नाही," तोनी म्हणाला. "मी स्वतः कुलपं लावली. तुम्ही पाहिलंत."

आगाथा उठली. गुडघे दुखत होते, नेहमीसारखेच. तिने पाळण्याचं दार हाताने लोटून लावलं, हलकेच, निजलेल्या पोराच्या खोलीचं लावतात तसं.

"पाठव," ती म्हणाली.

"रिकामा?"

"रिकामा कुठे आहे? चालक आत बसलाय."

तोनी यंत्राच्या खोलीत गेला आणि त्याने कळ फिरवली. लाल डबा हलला, तारेवर चढत गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. तिघं खोलीत उभी राहिली. तोनीच्या टेबलावर दारावरच्या काट्याचा जोड काटा होता. तो ऐंशीवर स्थिर होता. दहा मिनिटांनी पाळणा वर पोचल्याचा दिवा लागला. तोनीने खिडकी उघडली. एवढ्या उंचावरून माणसाचा आवाज खाली येत नाही, कधीच आलेला नाही. तरी आला. एक हाक. मग प्रार्थनेएवढी शांतता. दुसरी हाक. पुन्हा शांतता. आणि मग तिसरी, लांबलचक, जराही घाई नसलेली.

त्या हाकेला ओ आली. एक नव्हे.

टेबलावरचा काटा हलला. ऐंशी. दीडशे. दोनशे तीस. तोनी मागे सरकत सरकत भिंतीला टेकला.

खोऱ्यात जुनी माणसं मृतात्म्यांच्या रात्री चुलीच्या कडेला कोमट दूध ठेवतात, बर्फात अडकलेल्यांसाठी. लुत्सियाने ते लहानपणी पाहिलं होतं आणि त्याला हसलीही होती. आता तिने आईचा हात धरला. "आई… घरी जाऊन दूध तापत ठेवू का?"

"ठेव, बाळा."

लुत्सिया दाराशी थांबली. "किती जणांचं?"

आगाथाने काट्याकडे पाहिलं. तो अजून चढत होता.

"मोठं पातेलं घे," ती म्हणाली.